समुद्रातील चिवट विषे आणि मराठी लेखनाची भाषा

१

बुलढाणा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तथापि जलविभाजनाच्या दृष्टीने पाहिल्यास या जिल्ह्याचा संबंध एका नव्हे, तर दोन समुद्रांशी येतो. घाटाखालच्या तालुक्यांतील नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा यांचे पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा तापीस मिळते आणि तापी अरबी समुद्रास. उलट, बुलढाण्याजवळच अजिंठ्याच्या डोंगररांगेत उगम पावणारी पैनगंगा वर्धा व प्राणहिता यांच्या वाटेने गोदावरीत आणि तेथून बंगालच्या उपसागरात जाते. देऊळगाव राजाच्या बाजूची खडकपूर्णाही गोदावरीच्याच खोऱ्यातली. घाटाच्या माथ्यावर दोन हातांच्या अंतराने पडलेले पावसाचे दोन थेंब देशाच्या दोन विरुद्ध किनाऱ्यांना पोचू शकतात, अशी ही भूमी आहे.

आणि ही भूमी कपाशीची आहे. कीटकनाशकांच्या इतिहासात ज्या पिकांवर सर्वाधिक फवारणी झाली त्यांत कापूस अग्रभागी आहे. डीडीटी, बीएचसी, एंड्रीन, एंडोसल्फान ही नावे गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कापूस पिकविणाऱ्या कोणत्याही प्रदेशाला अपरिचित नव्हती. ही द्रव्ये पाण्यात फारशी विरघळत नाहीत; मातीच्या कणांना चिकटून ती गाळाबरोबर नदीत आणि नदीबरोबर समुद्रात जातात, काही अंशी उन्हाने वाफ होऊन वाऱ्याबरोबरही जातात व थंड प्रदेशात पुन्हा खाली बसतात. प्राण्याच्या शरीरात शिरल्यावर ती चरबीत वस्ती करतात. सूक्ष्म प्लवकांपासून लहान माशाकडे, लहान माशापासून मोठ्या माशाकडे आणि तेथून मासे खाणारे पक्षी, सील, देवमासे व माणूस यांच्याकडे त्यांचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते.

ही हकीकत आता नवी नाही. राचेल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ साली प्रसिद्ध झाले. चिवट प्रदूषकांविषयीचा स्टॉकहोम करार २००१ साली झाला, २००४ साली अंमलात आला आणि भारताने त्यास २००६ साली मान्यता दिली. तेव्हा हा विषय मराठीत येऊन पुरेशी वर्षे लोटली आहेत. पण मराठी वाचकाच्या मनात तो रुजला आहे, असे म्हणता येत नाही. याचे कारण वाचकाच्या उदासीनतेत शोधण्याची रीत आहे. प्रस्तुत लेखात ते लेखनाच्या भाषेत शोधावयाचे आहे. घाटावरचे शेत आणि समुद्रातला मासा ही एकाच वाक्याची दोन टोके आहेत. मराठी लेखन ते वाक्य अखंड उच्चारीत नाही, मध्येच तोडते. हे का घडते, हा येथील प्रश्न होय.

२

प्रथम नामांचा विचार करू. या विषयाच्या मराठी मांडणीत तीन शब्द सतत येतात : औषध, रसायन आणि सेंद्रिय. तिन्ही शब्द मंगल आहेत आणि अडचणीचे मूळ तेथेच आहे.

शेतकरी कीटकनाशकास ‘औषध’ म्हणतो. ‘कपाशीवर औषध मारले’ हे वाक्य वऱ्हाडात दररोज कानी पडते. शहरी लेखक या प्रयोगाकडे अज्ञानाची खूण म्हणून पाहतात. ते बरोबर नाही. पिकावर ‘रोग पडतो’, म्हणजे पीक हा रोगी ठरतो. रोग्याला जे द्यावयाचे ते औषध. रूपक स्वतःशी सुसंगत आहे. शिवाय उपकारक आणि मारक या दोन अर्थांचे एकाच शब्दात राहणे मराठीस नवे नाही. ‘दारू’ हा फारसी शब्द मूळचा औषधवाचक. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अद्याप टिकून आहे. पण तोच शब्द मराठीत मद्याचा वाचक झाला आणि ‘दारूगोळा’ या शब्दात स्फोटकाचाही. ग्रीक भाषेत औषध व विष या दोहोंस मिळून ‘फार्माकॉन’ हा एकच शब्द होता. शेतकऱ्याला आपल्या हातातली बाटली विषाची आहे हे ठाऊक असते. दोष त्याच्या शब्दाचा नव्हे, तो शब्द जसाच्या तसा उचलणाऱ्या माहितीपत्रकांचा, जाहिरातींचा व वृत्तलेखांचा आहे. बोलणाऱ्याच्या तोंडी जो शब्द अनुभवाच्या धाकाने तोलला जातो, तोच छापील कागदावर आला की त्यामागचा धाक गळून पडतो आणि केवळ अभय उरते.

‘रसायन’ या शब्दाची कथा याहून विलक्षण आहे. आयुर्वेदाच्या अष्टांगांत ‘रसायन’ हे एक अंग आहे. जरा व व्याधी यांना दूर ठेवून शरीर दृढ करणारी ती चिकित्सा होय. च्यवनप्राश हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. आधुनिक शास्त्रासाठी हाच शब्द योजला गेला, त्यात गैर काही नव्हते. रायगड जिल्ह्यातील एका औद्योगिक वसाहतीचे तर नावच ‘रसायनी’ आहे. परंतु ‘समुद्रात रसायने मिसळतात’ असे वाक्य लिहिले जाते, तेव्हा ‘रसायन’ शब्दाने काहीच सांगितले जात नाही. मीठ हेही रसायनच आहे आणि पाणीही. वाचकाला धोक्याचा स्वभाव कळावयास हवा तर धोका ज्यात आहे तो गुण सांगितला पाहिजे : हे द्रव्य कुजत नाही, जिरत नाही, शरीराबाहेर सहज जात नाही. ‘घातक’ हे विशेषण पुढे जोडून ही उणीव भरून निघत नाही. तलवारही घातक आणि डीडीटीही घातक असे म्हटल्याने दोहोंतला भेद स्पष्ट होत नाही.

तिसरा शब्द ‘सेंद्रिय’. येथे केवळ उणीव नाही, उघड विपर्यास आहे. स्टॉकहोम करारातील द्रव्यांचे शास्त्रीय वर्णन ‘चिवट कार्बनी प्रदूषके’ असे होते, कारण त्यांची रेणुरचना कार्बनप्रधान असते. परंतु मराठीत कार्बनी या अर्थी ‘सेंद्रिय’ हा शब्द रूढ झाला, आणि पुढे रासायनिक खते व कीटकनाशके वर्ज्य करणाऱ्या शेतीसही ‘सेंद्रिय शेती’ हेच नाव मिळाले. परिणामी एका शब्दाचे दोन अर्थ केवळ भिन्न नव्हे, परस्परांविरुद्ध झाले. ‘सेंद्रिय’ ज्वारी म्हणजे जिला डीडीटी लागलेले नाही ती, आणि ‘सेंद्रिय’ प्रदूषक म्हणजे खुद्द डीडीटी! ‘चिरस्थायी सेंद्रिय प्रदूषके’ हे शीर्षक वाचणारा शेतकरी शेणखताविषयी काही लिहिले आहे असे समजला, तर त्याला हसण्याचा अधिकार कोणास नाही. मराठी विश्वकोशाने अशा संयुगांसाठी ‘कार्बनी’ हा शब्द वापरला आहे. तो निर्दोष आहे, आणि या विषयापुरता तरी तोच वापरण्याची शिस्त लेखकांनी पाळली पाहिजे.

‘चिरस्थायी’ हे विशेषणही तपासून पाहावे. मराठीत शांतता चिरस्थायी असते, कीर्ती चिरस्थायी असते. ‘टिकाऊ’ म्हणावे तर तो बाजारातला प्रशंसावाचक शब्द आहे. प्रयत्न करूनही जे जात नाही, नको असताना जे राहते, त्यासाठी मराठीपाशी ‘चिवट’ हा खास शब्द आहे. चिवट डाग, चिवट तण, चिवट आजार या प्रयोगांत नकोशेपणा व टिकाऊपणा हे दोन्ही अर्थ एकवटलेले दिसतात. इतका नेमका शब्द हाताशी असताना पारिभाषिक लेखनाने तो टाळावा, याचे कारण तो पुरेसा संस्कृत दिसत नाही, याखेरीज दुसरे संभवत नाही.

३

स्टॉकहोम कराराच्या आरंभीच्या यादीत बारा द्रव्ये होती. त्यांतील डीडीटी सोडल्यास एकच नाव ग्रामीण मराठीत खऱ्या अर्थाने उतरले, ते म्हणजे एंड्रीन. डीडीटी घरोघर आली ती १९५३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रमाबरोबर, म्हणजे सरकारी फवाऱ्याबरोबर. एंड्रीन आले ते शेताच्या वाटेने, आणि भाषेत मात्र वेगळ्याच दाराने शिरले. ‘एंड्रीन घेतले’ या दोन शब्दांचा अर्थ महाराष्ट्रातल्या कोणत्याही खेड्यात विचारावा लागत नसे. ते आत्महत्येचे नाव झाले होते. भारतात या कीटकनाशकावर १९९० साली बंदी आली, पण जुन्या पिढीच्या बोलीत ते नाव बंदीनंतरही उरले.

भाषाभ्यासकाच्या दृष्टीने ही घटना अर्थपूर्ण आहे. एंड्रीन हे चिवट द्रव्य आहे आणि माशांना ते अत्यंत मारक आहे. १९६३ च्या अखेरीस अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या खालच्या भागात लाखो मासे मेले, त्याचे कारण म्हणून १९६४ साली संशोधकांनी एंड्रीनकडेच बोट दाखविले. पण मराठीने या शब्दाचा जो अर्थ स्वीकारला तो एका माणसाच्या तत्काळ मरणाचा. नदीतल्या, समुद्रातल्या संथ मरणाचा अर्थ त्याला कधी चिकटलाच नाही. मराठी भाषेने विषाचा एकच काळ ओळखला, तो म्हणजे ‘आत्ता’.

हा दोष लोकभाषेपुरता मर्यादित नाही. शासकीय चिन्हभाषेतही तो आहे. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील १९७१ च्या नियमांनुसार प्रत्येक डब्यावर लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असा रंगीत चौकोन छापला जातो. हे रंग ठरतात ते विष पोटात वा अंगावर गेल्यास किती अल्प मात्रेत प्राणी मरेल यावरून. ते द्रव्य मातीत किती वर्षे राहील, माशाच्या चरबीत साठेल काय, आईच्या दुधातून बालकास पोचेल काय, याविषयी तो चौकोन एक अक्षरही बोलत नाही. कवटीचे चिन्ह आत्महत्येस आणि अपघातास उद्देशून आहे. समुद्रास उद्देशून कोणतेच चिन्ह नाही.

येथे एक भेद काटेकोरपणे केला पाहिजे, कारण मराठी वृत्तलेखनात तो वारंवार पुसला जातो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या प्रकरणात चर्चिली गेलेली मोनोक्रोटोफॉससारखी द्रव्ये फॉस्फरसयुक्त वर्गातील आहेत. ती मज्जासंस्थेवर झडप घालतात, पण निसर्गात तुलनेने लवकर विघटित होतात. डीडीटी, एंड्रीन, एंडोसल्फान हे क्लोरीनयुक्त वर्गातले. ते माणसाला बहुधा त्या दिवशी सोडून देतात, मात्र पुढच्या पिढीलाही विसरत नाहीत. पहिल्या वर्गाचे बळी मोजता येतात, दुसऱ्याचे येत नाहीत. दोहोंस मिळून ‘औषध’ किंवा ‘विषारी रसायने’ हा एकच शब्द वापरला, की ज्याचे बळी मोजता येतात तेवढ्याच वर्गाचा विचार होतो आणि दुसरा सुटतो.

४

आता क्रियापदांकडे वळू. या विषयावरील मराठी परिच्छेदाचा साचा सर्वसाधारणपणे असा असतो : ‘शेतात फवारणी होते. पावसात रसायने वाहून जातात. समुद्रात त्यांचा माशांच्या शरीरात संचय होतो. त्यामुळे मानवी आरोग्यास धोका निर्माण होतो.’ चार वाक्ये, चार अकर्मक क्रिया. मनुष्यकर्ता एकाही वाक्यात नाही. सारे आपोआप घडते, जसा पाऊस पडतो.

यातील दुसऱ्या व तिसऱ्या वाक्यास दोष देता येणार नाही. गाळ वाहतो आणि चरबीत विष साठते, या निसर्गक्रियाच आहेत. ‘साठणे’ आणि ‘साठविणे’ यांत मराठी जो भेद करते त्यानुसार मासा विष साठवीत नाही, त्याच्यात ते साठते. येथे अकर्मक रूपच यथार्थ होय. पण पहिल्या वाक्यातही तेच रूप वापरणे ही दिशाभूल आहे. फवारणी ‘होत’ नसते, कोणीतरी ती करतो. आणि ज्याने ती केली त्याच्याकडून ती कोणीतरी करविलेली असते. मराठी व्याकरणात यासाठी प्रयोजक क्रियापदांची स्वतंत्र व्यवस्था आहे. करणारा एक आणि करविणारा दुसरा, हा विवेक ‘करणे’ व ‘करविणे’ यांच्या रूपांतच आहे. ज्याने द्रव्य बनविले, ज्याने त्यास परवाना दिला, ज्याने दुकानात बसून ‘हे मारा’ असा सल्ला दिला, ते सारे प्रयोजक कर्ते. मराठी लेखनात यांपैकी कोणी क्वचितच दिसतो. एकतर कर्ता अजिबात नाही, किंवा असला तर शेवटचा प्रयोज्य कर्ता, म्हणजे पाठीवर पंप घेतलेला माणूस. यवतमाळच्या घटनेनंतर ‘विषबाधा झाली’ हे वाक्य सर्वत्र होते, आणि चर्चेचा पुष्कळसा भाग मजुराने हातमोजे व तोंडावर फडके वापरले होते की नाही याभोवती फिरला.

यावर कोणी म्हणेल, की शास्त्रीय लेखनात कर्ता गाळण्याची प्रथा आहे. तटस्थपणासाठी ती आवश्यकही आहे. हा आक्षेप अंशतः मान्य करावा लागेल. प्रयोगशाळेतील परीक्षण कोणी केले हे महत्त्वाचे नसते, म्हणून ‘परीक्षण केले गेले’ हे योग्य. परंतु ज्या घटनेचे कारण मानवी निर्णय आहे तेथे कर्ता गाळणे हा तटस्थपणा नव्हे. तो वस्तुस्थितीचा एक भाग गाळणे होय. एंडोसल्फानचा वापर आपोआप थांबला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी आदेश देऊन तो थांबविला. थांबविणाऱ्याचे नाव जर सांगता येते, तर चालविणाऱ्याचेही सांगता आले पाहिजे.

५

अलंकारांच्या बाबतीत मराठी निबंधकार एकाच प्रतिमेकडे पुनःपुन्हा वळतो : समुद्रमंथन आणि हलाहल. समुद्रातून विष निघाले होते, आता माणूस समुद्रात विष ओतीत आहे. आता नीलकंठ कोण होणार? या धर्तीचा समारोप इतका सरावाचा झाला आहे, की त्याचा अर्थ कोणी तपासून पाहत नाही. तपासला तर तो प्रत्येक अंगाने चुकीचा ठरतो. हलाहल दिसत होते, त्याची आग जाणवत होती. ही विषे रंगहीन, गंधहीन आणि मोजण्यास अवघड अशा मात्रेत असतात. हलाहल एकदाच निघाले. ही रोज जातात. हलाहल एकाने प्राशन केले आणि इतर वाचले. येथे सर्वच थोडे थोडे प्राशन करतात आणि कोणीही दुसऱ्याला वाचवू शकत नाही. कंठात विष रोखून धरणारा देव या कथेत संभवत नाही, कारण चरबी रोखून धरते ती केवळ पुढच्यास देण्यासाठी. रूपकाने वाचकाला एका तारणहाराची वाट पाहावयास लावले, एवढाच त्याचा परिणाम.

याउलट मराठीच्या घरात जी योग्य साधने पडून आहेत त्यांकडे दुर्लक्ष झाले आहे. त्यांतील तिघांचा निर्देश करणे आवश्यक वाटते.

पहिले साधन ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण. काटकसरीच्या उपदेशात ती वापरली जाते, पण तिच्यातील अंकगणित हेच जैवसंचयाचे अंकगणित आहे. अल्प मात्रा निरुपद्रवी असते हा सर्वसाधारण समज ही म्हण मोडून काढते. ज्याची आवक आहे व जावक नाही त्याचे तळे होते, इतकेच ती सांगते. शाळेच्या वर्गात ‘जैवसंचय’ हा शब्द शिकविण्यापूर्वी ही म्हण सांगितली, तर अर्धे काम होऊन जाईल.

दुसरे साधन ‘मात्स्यन्याय’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासून हा शब्द अराजकाचा वाचक आहे : मोठा मासा लहानास गिळतो, बलवान दुर्बलास. या न्यायात विजय नेहमी मोठ्याचा असतो. चिवट विषांनी हा न्याय उलटा केला आहे. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडच्या खाडीत झालेल्या व १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात प्लवकांत डीडीटीचे अवशेष दहा लाख भागांत ०.०४ भाग आढळले. त्याच परिसरातील एका कुरव पक्ष्यात ते ७५ भागांपर्यंत गेले होते, म्हणजे सुमारे १,९०० पट. जो जितका अधिकांना खातो तितके अधिकांचे विष त्याच्या वाट्यास येते. २०१६ च्या जानेवारीत स्कॉटलंडच्या टायरी बेटावर ‘लुलू’ या नावाने ओळखली जाणारी शिकारी देवमाशाची मादी मृतावस्थेत सापडली. तिच्या चरबीत पीसीबी या औद्योगिक द्रव्याचे प्रमाण दर किलोग्रॅमला ९५७ मिलिग्रॅम होते. समुद्राचा सर्वांत बलवान शिकारी हाच विषाचा सर्वांत मोठा कोठार ठरला. ‘जैवविवर्धन’ या शब्दाने जे कळत नाही ते ‘उलटा मात्स्यन्याय’ या दोन शब्दांनी कळते. कारण वाचकाच्या मनात मूळ न्याय आधीच आहे, फक्त त्याची दिशा बदलावयाची आहे.

तिसरे साधन सर्वांत जुने आणि सर्वांत विस्मृत. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात ‘दूषीविष’ नावाचा एक विषप्रकार सांगितला आहे. जे विष शरीरातून पूर्णपणे बाहेर पडत नाही, जीर्ण व मंद होऊन आत राहते, तत्काळ मारीत नाही, परंतु वर्षानुवर्षे टिकून प्रतिकूल काळी प्रकोप पावते, ते दूषीविष. येथे सावधगिरी बाळगली पाहिजे. प्राचीनांना डीडीटी ठाऊक होते असा दावा करणे हास्यास्पद होईल. क्लोरीनयुक्त कीटकनाशकांचा वापर हा विसाव्या शतकातला आहे आणि डीडीटीचा कीटकनाशक गुण पॉल म्युलर यांच्या ध्यानात आला तो १९३९ साली. मुद्दा द्रव्याचा नाही, संकल्पनेचा आहे. सद्योमारक विषाहून वेगळा असा ‘राहणारे विष’ हा वर्ग या परंपरेने कल्पिला होता व त्यास नाव दिले होते. परिभाषा घडविणाऱ्यांनी ‘संचय’ आणि ‘विवर्धन’ हे धनाचे व वाढीचे शब्द निवडण्याऐवजी विषशास्त्राच्या या शाखेकडे पाहिले असते, तर ‘विष’ हा शब्द संज्ञेतच राहिला असता. सामान्य वाचकासाठी ‘अंगात राहणारे विष’ एवढे म्हटले तरी पुरे. अर्थाचा गाभा तोच आहे.

६

भाषेच्या या चर्चेतून प्रत्यक्षात काय निष्पन्न होते, असा प्रश्न विचारला जाईल. त्याचे उत्तर बुलढाणा जिल्ह्यानेच अलीकडे दिले आहे. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभी शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांतच टक्कल पडू लागले. कारण समजण्यापूर्वीच त्याला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पडले. नंतर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे पथक आले, खारपाणपट्ट्यातील पाण्याची तपासणी झाली, आणि डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपल्या तपासणीवरून स्वस्त धान्य दुकानांतील गव्हातून आलेले अतिरिक्त सेलेनियम हे कारण मांडले. सेलेनियम हे मूलद्रव्य आहे, कार्बनी संयुग नव्हे. तेव्हा हे प्रकरण चिवट विषांचे उदाहरण म्हणून येथे दिलेले नाही. ते नामकरणाचे उदाहरण आहे. ‘व्हायरस’ म्हणताच संशय शेजाऱ्यावर जातो. ‘अन्नातून आले’ म्हणताच तो कोठार, वाहतूक आणि तपासणी यांवर जातो. पहिल्या शब्दाने माणूस माणसाला टाळतो, दुसऱ्याने प्रश्न विचारतो. एका शब्दाने चौकशीची दिशा ठरते, याहून स्पष्ट प्रमाण मिळणे कठीण.

त्याच जिल्ह्यात या विषयाचा एक नैसर्गिक वस्तुपाठही आहे. लोणारचे सरोवर बेसाल्ट खडकातील अशनीच्या आघाताने निर्माण झाले आहे. ‘लोणार’ या नावातील ‘लोण’ हे ‘लवणा’चेच तद्भव रूप. त्या विवरात झऱ्यांचे व पावसाचे पाणी येते, पण बाहेर जावयास वाट नाही. पाणी वाफ होऊन जाते आणि त्याने आणलेले क्षार मागे राहतात. २०२० च्या जूनमध्ये पाणी उतरून क्षारता वाढली तेव्हा क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले आणि साऱ्या देशाचे लक्ष तिकडे गेले. जे लोणारच्या तळ्याचे तेच समुद्राचे. समुद्रालाही निर्गमद्वार नाही. मराठीत मात्र ‘समुद्रास मिळाले’ याचा अर्थ ‘संपले’ असा होतो. ‘विसर्जन’ या शब्दात पाणी हे सर्व गोष्टींचे अखेरचे स्थान आहे. ही भावना पूज्य असेल, पण या द्रव्यांच्या बाबतीत ती खोटी आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात पॅसिफिक महासागरातील मारियाना गर्तेत, जेथे सूर्यकिरण पोचत नाहीत तेथील झिंग्यासारख्या लहान प्राण्यांत पीसीबी आढळले. जगातील सर्वांत खोल ठिकाणीही या विषांचे विसर्जन झाले नाही.

आणि ती परतही येतात. १९८० च्या दशकात कॅनडाच्या उत्तर क्वेबेकमधील इन्युइट स्त्रियांचे दूध शास्त्रज्ञांनी तपासले. निर्मळ प्रदेशातील नमुना तुलनेसाठी हवा, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पीसीबीचे प्रमाण दक्षिणेकडील स्त्रियांच्या मानाने सुमारे पाचपट निघाले, कारण त्यांचा आहार सील, देवमासा व मासे यांचा. ज्या मातेने कारखाना पाहिला नाही, कपाशीचे बोंड पाहिले नाही, तिच्या दुधात दूरदेशींचा उद्योग उतरला. कोणता रेणू कोणत्या प्रदेशातून आला हे सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो आपला नाही असेही कोणत्याच प्रदेशाला म्हणता येत नाही.

७

या विवेचनावरून निघणारे निष्कर्ष थोडे आहेत. एक, या द्रव्यांसाठी ‘सेंद्रिय’ हा शब्द टाळून ‘कार्बनी’ वापरावा आणि ‘चिरस्थायी’च्या जागी ‘चिवट’ म्हणावे. दोन, तत्काळ मारणारे विष व अंगात राहणारे विष हा भेद प्रत्येक लेखात, प्रत्येक पाठात प्रथम सांगावा. तीन, जेथे मनुष्यकर्ता आहे तेथे तो लिहावा, आणि करणाऱ्याबरोबर करविणाराही लिहावा. चार, हलाहलाचे रूपक निवृत्त करावे.

भाषा बदलल्याने समुद्र स्वच्छ होणार नाही, हे खरे. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली, बीएचसीचा १९९७ साली थांबला, तो कायद्याने, शब्दाने नव्हे. परंतु कायदा मागण्यासाठीही एक वाक्य लागते आणि ते वाक्य प्रथम कोणालातरी स्वतःच्या भाषेत, कर्त्यासकट, उच्चारता यावे लागते. विद्यापीठांतील मराठी विभागांनी परिभाषेचा विचार आजवर बहुधा अनुवादाची सोय म्हणून केला आहे. बुलढाण्याच्या घाटावर पडणारा पाऊस कोणत्या समुद्रास जातो आणि सोबत काय नेतो, हे घाटावरच्या माणसाला त्याच्या शब्दांत सांगता येणे, ही त्या विचाराची यापुढील कसोटी असली पाहिजे.